एक जूनची माणसं

"माझ्या जन्माचं त्यास्नी काय करायचंय?" आईने फोनवर विचारलं आणि मला चटकन उत्तर देता आलं नाही.

मार्च २०२३ मधली गोष्ट. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या रुबे शहरात, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी फ्रेंच नागरिकत्वाच्या अर्जाला लागणाऱ्या कागदांची यादी वाचत होते. पगाराच्या पावत्या, कर भरल्याचा दाखला, घरभाड्याचा करार, पदवी, हे सगळं माझ्याकडे तारीखवार लावलेलं होतं. राहण्याचा परवाना पुन्हापुन्हा वाढवून घ्यावा लागतो त्या माणसाच्या फायली नीटच असतात. पण यादी तिथे संपत नव्हती. आईचा जन्मदाखला, वडिलांचा जन्मदाखला, दोघांच्या विवाहाचा दाखला. यातला एकही कागद आमच्या इचलकरंजीच्या घरात कधी नव्हता.

आईची जन्मतारीख १ जून १९५४. आप्पांची १ जून १९४९. मोठ्या काकांची १ जून, धाकट्या आत्याची १ जून. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, गुरुजी वाडीवस्तीवरून पोरं गोळा करायचे, पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघायचे, आणि पोचला की सहा वर्षं मागे जाऊन १ जून लिहून टाकायचे. एका सहीने पोरगं शाळेत बसायचं. त्या गुरुजींनी तारीख शोधत बसायचं ठरवलं असतं तर माझी आई चौथीपर्यंतसुद्धा शिकली नसती. त्यामुळे त्या तारखेबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. आमच्या घरात १ जून हा कुणाचाच वाढदिवस नव्हता, ती फक्त कागदावरची तारीख होती. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा आपल्याकडचा आजचा कायदा १९६९ चा. आईबाप तोवर मोठे होऊन गेले होते.

आता फ्रान्स सरकार विचारत होतं की ही बाई कधी जन्मली, कुठे जन्मली, आणि जन्मली तेव्हा तिचं नाव काय होतं.

*

मी रुबेला आले २०१३ मध्ये, वस्त्रतंत्रज्ञान शिकायला. इचलकरंजीची मुलगी दुसरं काय शिकणार! आप्पा यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की त्यांना हाक यायची आणि ते हाताला ऑइल लागलेले, कानात कापूस घातलेले घरी परत यायचे. आमच्या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आणला. रुबेत तोवर लोकरीच्या गिरण्यांची धुरांडी दाटीने उभी होती. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, या गावाला फ्रान्सचं मँचेस्टर म्हणायचे. इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर, अगदी वर, दगडात कोरलेला पट्टा आहे. कापूस वेचणारे, लोकर धुणारे, सूत कातणारे, विणणारे, रंगवणारे. पहिल्या आठवड्यात मी त्या इमारतीसमोर मान वर करून उभी राहिले आणि मला आप्पांची आठवण आली. देवळाच्या शिखरावर देव कोरतात. इथे नगरपालिकेच्या माथ्यावर कामगार कोरले होते. ही इमारत १९११ ची, ज्याने पॅरिसचं ओर्से स्टेशन बांधलं त्याच व्हिक्तोर लालूची.

गिरण्या आता बंद आहेत. एका गिरणीत संग्रहालय आहे, तिथे जुने माग अजून चालवून दाखवतात. पहिला माग सुरू झाला तो खडखडाट ऐकून माझ्याबरोबरच्या मुलींनी कानावर हात ठेवले. मी मात्र शांत झाले. लहानपणी त्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. सणाला माग बंद असले की आळीतली पोरं रात्री जागी राहायची.

हे सगळं सांगायचं कारण असं की मला या गावात परकं वाटलं नाही. कागदावर परकी होते, तेवढंच. आणि मग कळलं की इथे कागदावर परकं असणं फार जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुबेची अर्ध्याहून जास्त वस्ती बेल्जियन होती. सीमा ओलांडून आलेले विणकर, पिंजारी, त्यांची इथेच जन्मलेली पोरं. पोरं इथलीच, पण फ्रेंच नव्हेत, म्हणून सैन्यातली सक्तीची भरती फक्त शेजारच्या फ्रेंच पोरांच्या वाट्याला यायची. त्यावरून कुरबुर वाढली आणि १८८९ च्या कायद्याने ठरवलं की परदेशी बापाचा मुलगाही फ्रान्समध्ये जन्मला असेल तर सज्ञान झाल्यावर फ्रेंच होईल. या देशाचा नागरिक कोण, याचं उत्तर ठरवण्यात आमच्यासारख्या गिरणीगावांचा हात होता. ते वाचल्यावर माझ्या अर्जाकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

त्याच इतिहासात आणखी एक गोष्ट सापडली आणि ती मनातून गेली नाही. १८०४ च्या नागरी संहितेनुसार परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या फ्रेंच स्त्रीचं फ्रेंच नागरिकत्व जात असे. म्हणजे रुबेत जन्मलेली, रुबेच्या गिरणीत राबणारी मुलगी, शेजारच्या खात्यातल्या बेल्जियन विणकराच्या गळ्यात माळ घालून रुबेतच परकी व्हायची. ही तरतूद १९२७ मध्ये बदलली. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, त्यांच्याकडे देश बदलत होते.

*

अर्ज का केला, हे लोक विचारतात. पगार, व्हिसा, पासपोर्टाची सोय, ही कारणं खोटी नाहीत. राहण्याच्या परवान्याचं दहा वर्षांचं कार्ड घेऊनही मी सुखाने राहू शकले असते. पण २००९ नंतर मी मतदान केलेलं नव्हतं. परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं नाव मतदारयादीत राहू शकतं, पण मत द्यायला स्वतः गावात हजर राहावं लागतं, आणि निवडणुकीच्या तारखेला नेमकी रजा मिळून इचलकरंजीला पोचणं मला एकदाही जमलं नाही. इथे युरोपीय संघातल्या परदेशी माणसाला निदान नगरपालिकेला मत देता येतं, मला तेही नव्हतं. कुठली शाळा बंद होणार, कुठली बस सुरू होणार, कामगारांच्या निवृत्तीचं वय किती, सगळं माझ्या डोळ्यांदेखत ठरत होतं, आणि मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शाळेतल्या पोरीसारखी खिडकीतून बघत होते. हे मला सहन होईना.

उलट बाजूला जे होतं ते मी लपवणार नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. मग परदेशस्थ भारतीय नागरिक असं कार्ड मिळतं. नावात नागरिक शब्द आहे, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पंढरपूरला जन्मलेल्या चित्रकार हुसेन यांनी २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेऊन भारतीय पासपोर्ट परत केला, ती बातमी मी पुण्यात वाचली होती. पंचाण्णवाव्या वर्षाकडे झुकलेला माणूस तो निळा पासपोर्ट कसा पुढे सरकवत असेल, हे तेव्हा कितीतरी दिवस डोळ्यांपुढे येत होतं. ते माझ्याही वाट्याला येईल असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "तिथं राबतीस तर तिथं बोल की." मला हे पुरलं.

*

अर्ज २०२३ पासून सगळीकडे ऑनलाइन झाला होता. ५५ युरोचा मुद्रांक, फ्रेंच बोलण्याची आणि लिहिण्याची बी-१, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा (माझं इथलं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, म्हणून मला ती द्यावी लागली), करखात्याचा दाखला, भारतातल्या पोलिसांचा दाखला. याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चिकाटी असली की ते होतं. २०२६ पासून भाषेची अट बी-२ ची झाली आहे आणि चाळीस प्रश्नांची नागरिकत्वाची लेखी परीक्षाही आली आहे, म्हणजे माझ्या मागून येणाऱ्यांना चढ जास्त आहे.

खरं काम होतं आईचं.

आई निपाणीजवळच्या एका खेड्यातली. वेदगंगा जवळून वाहते, तंबाखूचं शिवार. ती जन्मली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १९५६ च्या १ नोव्हेंबरला तो म्हैसूर राज्यात गेला, पुढे त्याचं कर्नाटक झालं. आई मराठी शाळेत शिकली, तिच्या भावांची पोरं कानडी शाळेत शिकली. म्हणजे आईचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत मिळाला आणि जन्माबद्दलचा सरकारी कागद कानडीत. अर्जात एक रकाना होता: आईचा जन्म कोणत्या देशात. तेवढं एक सोपं होतं.

मामेभावाने चार वेळा तालुक्याला खेपा घातल्या. पहिल्या तीन खेपांत एवढंच निघालं की आईच्या नावाची जन्मनोंद आढळत नाही. तसा दाखला तरी द्या, म्हणून तो अडून बसला. चौथ्या खेपेला एका वयस्कर कारकुनाने त्याला विचारलं, "नावानं कशाला हुडकतोस? बापाच्या नावानं हुडक." आणि जुन्या दप्तरातलं कोतवाल बुक बाहेर काढलं.

मामेभावाने फोटो पाठवला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. पिवळट पानाच्या कडा कुरतडलेल्या. बाळबोध अक्षर, पण हाताला मोडीची सवय असलेल्या माणसाचं, शब्द एकमेकांत गुंतलेले. तारीख ११ डिसेंबर १९५३. बापाचं नाव, म्हणजे माझ्या आजोबांचं. जात. गावाचं नाव. आणि मुलाच्या रकान्यात एकच शब्द: मुलगी.

नाव नाही. त्या पानावर वरखाली सात नोंदी होत्या, मी फोटो मोठा करून एकेक वाचली. कुठल्याच मुलाला नाव नव्हतं, बारशाआधीच कोतवालाने नोंद घेतलेली असणार. म्हणजे हे फक्त मुलीच्या वाट्याचं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. आई चार भावांत एकटी बहीण. त्यामुळे ती मुलगी म्हणजे आईच, यात शंका नव्हती.

संध्याकाळी फोन केला. "आई, तू डिसेंबरची आहेस. अकरा डिसेंबर."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "थंडीची व्हय. माझी आई म्हणायची, तुझ्या वक्ताला शेकोटीचा धूर डोळ्यात गेलता. मला वाटायचं ती उगंच सांगत्या. जूनमधी कसली शेकोटी!"

सत्तर वर्षं कागदाने तिच्या आईला खोटं पाडलं होतं.

आता पेच असा होता. खरी तारीख जिथे आहे तिथे नाव नाही, आणि नाव जिथे आहे तिथे तारीख गुरुजींची. आधार, बँक, मतदार ओळखपत्र, सगळीकडे १ जून १९५४. ती बदलायची तर प्रतिज्ञापत्रं, राजपत्र, कदाचित कोर्ट, आणि आईचे गुडघे काही तालुक्याच्या पायऱ्या चढण्याच्या लायकीचे नव्हते. मी दोन रात्री विचार केला आणि शाळेचा दाखला निवडला. कर्नाटकातल्या कागदांना कर्नाटकाचे शिक्के, महाराष्ट्रातल्या कागदांना महाराष्ट्राचे, मग दोन्हींवर दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, मग इथल्या अपील न्यायालयाच्या यादीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच. मराठीचा असा अनुवादक मला मिळाला नाही, म्हणून मधे इंग्रजीचा एक मुक्काम. आईचं गाव तीन लिप्यांतून प्रवास करून रुबेला पोचलं. तारीख मात्र चुकीची घेऊन पोचलं आणि त्याची खंत मला आजही आहे.

*

विवाहाचा दाखला काढताना मी तिथे नव्हते, दादाने व्हिडिओ कॉल लावला होता. १९७४ चं लग्न, २०२३ मध्ये नोंदणी. लग्नपत्रिका आत्याच्या ट्रंकेत सापडली होती, कुंकवाचे डाग तसेच. तीन साक्षीदार, फोटो, आईने इस्त्रीची साडी नेसलेली, आप्पा टोपी घालून ताठ बसलेले.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायचे. आईचं माहेरचं नाव एका नदीचं. वेदगंगेचं नव्हे, मोठ्या नदीचं. सासरचं नाव फुलाचं. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं ते फुलाचं नावच मी जन्मापासून ऐकलं. नदीचं नाव फक्त मामा घ्यायचे. चौघांतले शेवटचे मामा २०१९ ला गेले आणि त्यानंतर त्या नावाने आईला हाक मारणारं कुणी उरलं नाही.

अर्जात रकाना होता, वधूचे विवाहापूर्वीचे नाव. कारकून मुलगी म्हणाली, "आजी, तुम्हीच लिहा." आईने पेन घेतलं. चौथीच्या शाळेतलं सुटं अक्षर, प्रत्येक काना वेगळा. नदीचं नाव तिने इतकं हळू लिहिलं की कॉल अडकला की काय असं मला वाटलं. मग नवऱ्याचं नाव सांगा म्हटल्यावर तिने आप्पांकडे पाहिलं. पन्नास वर्षांत तिने ते नाव उखाण्याशिवाय घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तिने ते साधं, सरळ, आडनावासकट घेतलं. आप्पांनी मान खाली घातली. दादा पुढे काही बोलला नाही आणि मीही नाही.

त्या दिवसांत मी दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाचल्या. एक, स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला, सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं मतदारयादीतून काढावी लागली. अमक्याची बायको, तमक्याची आई, यापलीकडे त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, आणि निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाशिवाय नोंद मान्य केली नाही. दोन, फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात, २३ ऑगस्ट १७९४ ला, कायदा झाला की जन्मदाखल्यावर असेल त्याखेरीज दुसरं नाव किंवा आडनाव कुठल्याही नागरिकाला लावता येणार नाही. तो आजही लागू आहे. इथली बाई लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव वापरते, पण सरकारी कागदांत ती जन्मनावानेच राहते. अर्ज आईचं नदीचं नाव का मागत होता ते मला तेव्हा उमगलं. या राज्याला तिचं फुलाचं नाव ठाऊकच होणार नव्हतं. याच देशाने लग्न केलेल्या बाईचं नागरिकत्व शंभर वर्षांहून जास्त काळ काढून घेतलं, आणि याच देशाने तिचं नाव मात्र राखलं. दोन्ही खरं आहे.

*

अर्ज सप्टेंबरमध्ये गेला. मग वाट बघणं.

२१ फेब्रुवारी २०२४ ला मिसाक मानूशियाँ यांना पँथिऑनमध्ये, फ्रान्सच्या थोर माणसांच्या समाधिमंदिरात नेलं, ते मी टीव्हीवर पाहिलं. तुर्कस्तानातल्या कत्तलीतून वाचलेला आर्मेनियन पोरका मुलगा, फ्रान्समध्ये कामगार, कवी, नाझींविरुद्ध लढणाऱ्या परदेशी तुकडीचा म्होरक्या. त्याने फ्रेंच नागरिकत्वासाठी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा ते मिळालं नाही. १९४४ च्या २१ फेब्रुवारीला त्याला साथीदारांसह पॅरिसजवळच्या मों-व्हालेरियां किल्ल्यात गोळ्या घातल्या. ऐंशी वर्षांनी, पावसात, त्याची शवपेटी तिरंगी झेंड्यात गुंडाळून वर नेत होते. ज्या देशाने नाही म्हटलं त्याच्यासाठी तो मेला, आणि तरी तो या देशावर प्रेम करत होता. मी उभी राहून पाहिलं. बसून पाहणं मला जमलं नाही.

त्याच वसंतात माझ्या एका सहकाऱ्याचा अर्ज दोन वर्षांसाठी पुढे ढकलला गेला. दोन लहान मुदतीच्या नोकऱ्यांमध्ये काही महिन्यांचं अंतर पडलं होतं, उत्पन्न पुरेसं स्थिर नाही, असं पत्रात होतं. पंधरा वर्षं इथे कष्ट करणारा माणूस. त्याने पत्र चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि मशीन सुरू केलं. हा अन्याय आहे असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. स्थिर नोकरी देणं त्याच्या हातात नव्हतं.

मुलाखतीचं बोलावणं नोव्हेंबरमध्ये आलं. नागरिकत्वाची पुस्तिका मला पाठ होती. १९०५ चा धर्म आणि राज्य वेगळं करणारा कायदा, १८४८ ची गुलामगिरीबंदी, १९८१ ला रद्द झालेली फाशी, बायकांना १९४४ ला मिळालेला मताधिकार, सिमोन व्हेल यांचा १९७५ चा गर्भपाताचा कायदा. लीलच्या प्रेफेक्तुरमध्ये, म्हणजे सरकारच्या जिल्हा कार्यालयात, अधिकारी बाईंनी त्यातले चारपाच प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. लाईसिते म्हणजे काय, हे तुमच्या शब्दांत सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, सरकारला माझा देव माहीत नसतो आणि माहीत करून घ्यायचा अधिकारही नसतो.

मग त्यांनी मूळ कागद मागितले आणि दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले. बोट एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर गेलं.

"आई एक जून. वडीलही एक जून?"

भाषेच्या परीक्षेत या प्रश्नाची तयारी कुणी करून घेत नाही. मी सांगितलं. जूनमधली शाळा, गुरुजी, डोक्यावरून कानाला लावलेला हात. बोलता बोलता मी स्वतःचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून दाखवला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग त्यांची खरी तारीख कुणालाच माहीत नाही?"

"आईची आहे. अकरा डिसेंबर. पण तिथे नाव नाही, फक्त मुलगी असं लिहिलंय."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, फाइलमध्ये अपोस्टील असलेल्या कागदावरचीच तारीख जाईल. मी म्हटलं, मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "सांगितलंत हे चांगलं केलंत." मग विचारलं, नाव फ्रेंच करून घ्यायचं आहे का? १९७२ च्या कायद्याने तशी सोय आहे. माझ्या पासपोर्टावर माझ्या नावापुढे आप्पांचं नाव आहे, आणि इथे ते माझं दुसरं नाव समजलं जातं. दहा वर्षं दवाखान्यात, बँकेत, एका बाईला पुरुषाचं नाव लावून हाक मारली गेली. मी म्हटलं, नाही, काहीच काढू नका.

शेवटचा प्रश्न होता: तुमचा देश दुहेरी नागरिकत्व देत नाही, हे ठाऊक आहे ना? "हो," एवढंच म्हणायचं होतं. आवाज फुटायला वेळ लागला. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

*

नागरिकत्वाच्या हुकूमनाम्यात नाव आलं २०२५ मध्ये. फ्रेंच नागरिकांच्या परदेशातल्या जन्मांच्या नोंदी नाँत शहरातल्या एका मध्यवर्ती कार्यालयात ठेवतात. नव्या नागरिकाचा जन्म तिथे नव्याने नोंदवला जातो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वागताचा समारंभ झाला. वेगवेगळ्या देशांतली माणसं, एक छोटी फिल्म, भाषण, मार्सेयेझ हे फ्रेंच राष्ट्रगीत. माझ्या शेजारी एक कोंगोली आजोबा होते, ते पहिल्या कडव्यापासून मोठ्याने गात होते आणि त्यांच्या आवाजाच्या आधाराने मी गायले. मग एकेकाला पूर्ण नावाने हाक मारून पाकीट दिलं. माझ्या नावापाठोपाठ आप्पांचं नाव त्या दालनात मोठ्याने उच्चारलं गेलं.

भारतीय पासपोर्ट द्यायला पॅरिसला गेले. खिडकीपलीकडचा मुलगा भारतीयच होता, उत्तरेकडचा. त्याने शेवटचं पान उघडून आईवडिलांची नावं संगणकात भरली. तिथे आईचं फुलाचं नाव आहे. पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. तो आता माझ्या कपाटात आहे, आणि त्याच्याखाली नाँतहून आलेला फ्रेंच जन्मदाखला. एकात आई फूल आहे, एकात नदी.

अकरा डिसेंबरला सकाळीच फोन लावला. इचलकरंजीत दुपार होती, मागे कुठेतरी माग चालू होते. आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, ती हसली, दादाने सकाळी शिरा केला होता म्हणाली. मग मी तिला जन्मदाखला वाचून दाखवला, फ्रेंचमध्येच. तिचं नाव आलं तेव्हा तिने मला थांबवलं.

"परत वाच."

मी परत वाचलं. फ्रेंचमध्ये शेवटच्या स्वरावर जोर पडतो, नाव जरा वेगळं ऐकू येतं.

"असं म्हणत्यात व्हय तिकडं," आई म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आता आपल्यात कसं म्हणत्यात तसं म्हण."

मामा म्हणायचे तसं, दारातून आत हाक मारल्यासारखं, मी म्हटलं.

"ओ," आई म्हणाली.